गुडघ्याची कळ आणि मज्जातंतूंची भूल

आपल्या मंडळाचा संसार सुरू झाला तेव्हा गणेशोत्सवाच्या बैठकीसाठी एक मोठी सतरंजी पुरत असे. पन्नास वर्षांनंतर सतरंजी तीच असली, तरी तिच्या कडेने मांडलेल्या खुर्च्यांच्या ओळी वाढत गेल्या आहेत. हा बदल श्रीमंतीचा नाही. तो गुडघ्यांचा आहे. रेल्वे, तोफखान्याचे कारखाने, कचेऱ्या आणि शाळा यांच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे जबलपूर आणि पाटनच्या परिसरात आली, त्यांची पहिली पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि दुसरी पिढीही जिना चढताना कठड्याला हात लावू लागली आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात मंडळाच्या वाटचालीबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिलेले असेल. आम्ही येथे एका वेगळ्या वाटचालीचा इतिहास सांगणार आहोत. गुडघ्याची कळ मेंदूपर्यंत पोहोचू नये म्हणून तिच्या वाटेवरच तिला अडविण्याची युक्ती माणसाला कशी साधली, आणि ती आज आपल्या वडीलधाऱ्यांच्या किती उपयोगाची आहे, हा या लेखाचा विषय.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. गुडघ्याच्या झिजेची तऱ्हा उलटी आहे. ती मुंगीच्या पावलांनी येते आणि जाण्याचे नाव घेत नाही. म्हणूनच तिच्याशी जुळवून घेण्याचे उपाय घरोघरी पूर्वापार चालत आले. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडेल लावून गरम केलेले रुईचे पान, तापलेल्या विटेचा शेक, महानारायण तेलाचे मर्दन हे त्यांतील सौम्य प्रकार. बिब्ब्याचे चटके आणि तापलेल्या सळईचा डाग हे उग्र प्रकार. या डागण्याची परंपरा केवळ खेडवळ समजुतीची नव्हे. चरकसंहितेत वातव्याधींच्या वर्णनात सांध्यांत शिरलेल्या वाताची लक्षणे दिलेली आहेत, आणि सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्वचा, मांस, शिरा, स्नायू, सांधे आणि अस्थी यांच्या तीव्र वेदनेवर तापविलेल्या शलाकेने विधिपूर्वक डाग द्यावा, असे तेथे सांगितले आहे. या ग्रंथकारांना मज्जातंतूंचे आजचे ज्ञान नव्हते. पण उष्णतेने वेदना हटविता येते हे निरीक्षण त्यांनी नोंदवून ठेवले. पुढे पाहू तेव्हा ध्यानात येईल की, इतिहासाने या निरीक्षणाला अगदी अनपेक्षित रीतीने पुन्हा जवळ केले आहे.

प्रथम गुडघ्यात काय घडते ते पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे एकमेकांना भेटतात तेथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. वयोमानाने, वजनाने, जुन्या दुखापतीने आणि आनुवंशिकतेने हे आवरण विरळ होते, हाडांच्या कडांना टोके फुटतात, सांध्याच्या अस्तराला सूज येते. आता गंमत अशी की, जी कूर्चा झिजते तिच्यात वेदना जाणणारे मज्जातंतू मुळीच नसतात. दुखते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर, त्याची पिशवी आणि तिचे बंध. यामुळेच एक्स-रेमध्ये गुडघा पार झिजलेला दिसणारा एखादा गृहस्थ बाजारहाट करून येतो, आणि ज्याची झीज बेताची आहे असा दुसरा रात्रभर तळमळतो. झीज आणि वेदना या दोन गोष्टी एकमेकींशी नाते राखून असल्या तरी एकच नव्हेत. हे वाक्य वाचकांनी मनात धरून ठेवावे. आमच्या सांगण्याचा कणा तोच आहे.

या भेदाचा फायदा घेण्याची पहिली संधी १८८४ साली आली. दक्षिण अमेरिकेतील कोकाच्या पानांतील सत्त्व, म्हणजे कोकेन, १८६० च्या सुमारास जर्मनीत आल्बर्ट नीमान याने वेगळे काढले होते. व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने सप्टेंबर १८८४ मध्ये दाखवून दिले की, त्याचे थेंब डोळ्यात टाकले असता रुग्ण जागा असतानाच डोळ्यावर शस्त्रक्रिया करता येते. ही वार्ता काही आठवड्यांतच अटलांटिक ओलांडून गेली. न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्याचे सहकारी यांनी एक पाऊल पुढे टाकले. ज्या जागी दुखते तेथे औषध न टोचता, त्या जागेची संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या शेजारी त्यांनी ते टोचले, आणि पुढचा सारा भाग बधिर झाला. घरातला दिवा मालविण्यासाठी दिव्याला हात न लावता भिंतीवरील बटण दाबावे, तसा हा प्रकार. मज्जातंतूंना भूल देण्याची सारी विद्या या एका कल्पनेवर उभी आहे. तिची किंमतही हॉल्स्टेडने चुकविली. स्वतःवर प्रयोग करता करता तो कोकेनच्या व्यसनात अडकला.

१८९८ साली जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर याने पाठीच्या कण्यात कोकेन सोडून कमरेखालचा भाग बधिर केला. भूल किती खोल आहे हे पाहण्यासाठी त्याने आपल्या हिल्डेब्रांट नावाच्या सहाय्यकाच्या नडगीवर हातोडीचे ठोके मारले आणि त्याच्या पायाला पेटती चिरूट लावून पाहिली. त्या क्षणी हिल्डेब्रांटला काहीच जाणवले नाही. पुढे मात्र दोघांनाही डोकेदुखीने चांगलेच छळले. १९०४-०५ मध्ये आइनहॉर्नने शोधलेले प्रोकेन आले आणि कोकेनचे भय ओसरले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लफग्रेन याने लिडोकेन तयार केले. दात काढताना आपण ज्याला ‘झायलोकेन’ म्हणतो ते हेच. १९५७ मध्ये त्याच देशात ब्युपिवकेन तयार झाले; त्याचा अंमल कित्येक तास टिकतो. गुडघ्याच्या मज्जातंतूंजवळ आज जी औषधे टोचतात ती प्रामुख्याने या शेवटच्या दोहोंपैकी असतात.

आपल्या देशात भूल देण्याची सुरुवात लवकर झाली. अमेरिकेत १८४६ च्या ऑक्टोबरात ईथरचे प्रात्यक्षिक झाले आणि २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्यात ईथरखाली शस्त्रक्रिया पार पडली. पुढे क्लोरोफॉर्मचा काळ आला. त्याने रुग्ण का दगावतात याचा शोध घेण्यासाठी निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले. मराठवाडा त्या वेळी निजामाच्याच राज्यात होता. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या भारतीय स्त्रीने क्लोरोफॉर्म देण्याचे शिक्षण घेतले; भूलशास्त्रात काम करणाऱ्या जगातील अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. संपूर्ण भूल वृद्ध शरीराला जड जाऊ शकते, ही चिंता तेव्हापासून आजतागायत डॉक्टरांच्या मनात आहे. एकाच अवयवाला बधिर करण्याच्या विद्येचे महत्त्व त्यामुळेच वाढत गेले.

आपल्या मध्य प्रांतापुरते बोलायचे तर, नागपूरला १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले आणि १९४७ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ चे; आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना होईपर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. त्यामुळे मोठ्या दुखण्यासाठी नागपूरची गाडी पकडण्याची सवय इकडील मराठी घरांत पुढेही टिकली, आणि ती केवळ नातेवाईक तिकडे आहेत म्हणून नव्हे. भारतीय भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९४७ साली स्थापन झाली. तथापि, त्या काळी भूलतज्ज्ञाचे काम शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी संपत असे. शस्त्रक्रिया संपली की त्याचे काम संपले. वर्षानुवर्षे दुखणाऱ्या गुडघ्याशी त्याचा संबंध नव्हता.

तो संबंध जोडला गेला तो युद्धामुळे. पहिल्या महायुद्धातील जखमींवर उपचार करणारा फ्रेंच शल्यविशारद रने लेरिश याने असा विचार मांडला की, दीर्घकाळ टिकणारी वेदना हे रोगाचे निव्वळ लक्षण नसून तो स्वतःच एक रोग आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील एका लष्करी रुग्णालयात जॉन बोनिका नावाच्या तरुण भूलतज्ज्ञाला तेच दिसले. बोनिका हा इटलीजवळच्या एका चिमुकल्या बेटावर जन्मलेला, कुस्तीच्या कमाईवर डॉक्टर झालेला मल्ल. कुस्तीने त्याचे सांधे खिळखिळे केले होते, आणि पुढे त्याच्या खुब्यांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. वेदनेबद्दल त्याने जे लिहिले ते स्वतः भोगून लिहिले. १९५३ मध्ये त्याचा वेदनोपचारांवरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडले की, पाठीच्या कण्यात वेदनेसाठी जणू एक दार असते. स्पर्श, चोळणे यांसारख्या संवेदना ते दार काहीसे लोटून घेतात. आजीने गुडघा चोळून दिला की बरे का वाटते, याचा शास्त्रीय उलगडा येथे झाला. १९७३ साली बोनिकाच्या पुढाकाराने वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्यांची संघटना जन्माला आली. भारतातील वेदना-अभ्यासकांची संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली. म्हणजे वेदनेकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहणारे हे शास्त्र जवळजवळ आपल्या मंडळाच्याच वयाचे आहे.

त्याच सुमारास गुडघ्याची शस्त्रक्रियाही नव्याने घडली, आणि तिच्याशी आपल्या मध्य प्रदेशाचे नाते आहे. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले डॉ. चित्तरंजन राणावत हे न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्यासमवेत काम करीत होते. त्यांनी बनविलेला कृत्रिम गुडघा १९७४ मध्ये प्रथम बसविण्यात आला, आणि आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा तो पूर्वज ठरला. ग्वाल्हेरचे सुपुत्र आणि त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात याच राणावतांनी शस्त्रक्रिया केली. ‘गुडघा बदलणे’ हा शब्द घराघरांत पोहोचला तो तेव्हापासून. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांची शरीरयष्टी आणि मांडी घालून बसण्याच्या सवयी ध्यानात घेऊन ‘इंडस’ हा देशी गुडघा विकसित केला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत ५४,७२० रुपयांवर आली. त्यावरील कर आणि रुग्णालयाचा खर्च अर्थातच वेगळा.

ही शस्त्रक्रिया उत्तम आहे. पण ती सर्वांना मानवत नाही. कोणाचे हृदय अधू असते, कोणाचा मधुमेह आटोक्यात नसतो, कोणी शस्त्रक्रियेला मनाने तयार नसतो, आणि कोणाच्या गुडघ्याची वेळ अजून आलेली नसते. तेलाची बाटली ही पहिली पायरी आणि शस्त्रक्रियागृह ही शेवटची, असे धरले तर मधल्या पायऱ्या कोणत्या? मज्जातंतूंची भूल ही अशी एक मधली पायरी आहे.

तिची शारीररचना बरीच आधी ठाऊक झाली होती. जे मज्जातंतू सांधा हलविणाऱ्या स्नायूंना जातात, त्यांच्याच शाखा त्या सांध्याला जातात, असा नियम लंडनच्या जॉन हिल्टन याने १८६० च्या दशकातच सांगितला होता. अर्नेस्ट गार्डनर याने १९४८ मध्ये गुडघ्याला येणाऱ्या शाखांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. तरी या ज्ञानाचा दुखऱ्या गुडघ्यासाठी नेमका उपयोग व्हावयास २०११ साल उजाडले. त्या वर्षी दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी गुडघ्याच्या तीव्र झिजेने पीडित अशा ३८ वृद्धांवरील चाचणी प्रसिद्ध केली. गुडघ्याभोवतीच्या तीन शाखांजवळ भूल देऊन ज्यांना आराम पडला, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या त्या शाखा रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी केल्या, आणि उरलेल्यांवर तशीच पण लहरी न सोडता क्रिया केली. बारा आठवड्यांनी पहिल्या गटातील ५९ टक्के रुग्णांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेली होती. दुसऱ्या गटात असा एकही नव्हता. चाचणी लहान होती, पण तिने वाट दाखविली.

ही क्रिया कशी होते ते सोप्या शब्दांत सांगतो. रुग्ण जागा असतो. सोनोग्राफीच्या किंवा क्ष-किरणांच्या साहाय्याने तीन जागा शोधतात: मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आतली आणि बाहेरची बाजू, आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी आतली बाजू. तेथे हाडाला लगटून जाणाऱ्या शाखांजवळ बारीक सुईने थोडे औषध सोडतात. चौथी जागा, म्हणजे बाहेरची खालची, बहुधा सोडून देतात. कारण पाऊल उचलण्याचे सामर्थ्य देणारा मज्जातंतू तिच्या जवळून जातो. निवडलेल्या शाखा मुख्यत्वे संवेदना वाहणाऱ्या असल्याने पाय लुळा पडत नाही आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. नुसत्या भुलेचा अंमल ओसरला की वेदना काही काळाने परतते, म्हणून कित्येकदा तिच्या यशावरून पुढचा निर्णय घेतात आणि सुईच्या टोकाशी सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअस उष्णता निर्माण करून शाखा जाळतात. सुश्रुताच्या शलाकेची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की त्या काळी डाग वेदनेच्या जागी दिला जाई, आणि आज तो कातडीला धक्का न लावता वेदनेच्या वाटेवर दिला जातो.

या ठिकाणी एक गोंधळ दूर केला पाहिजे. ‘गुडघ्यात इंजेक्शन घेतले’ असे कोणी म्हटले की, ते बहुधा सांध्याच्या आत दिलेल्या स्टिरॉइडचे असते. त्याचा इतिहास निराळा आहे. अमेरिकेत हॉलंडर याने १९५१ मध्ये सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्याने सूज उतरते आणि काही आठवडे बरे वाटते. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४० रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत दर बारा आठवड्यांनी दोन वर्षे असे स्टिरॉइड दिल्यावर, मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनापेक्षा वेदना विशेष कमी झाली नाही आणि कूर्चा मात्र अधिक झिजलेली आढळली. मज्जातंतूंची भूल सांध्याच्या बाहेर दिली जाते. तेव्हा डॉक्टरांना ‘इंजेक्शन कशाचे आणि कोठे?’ हे विचारण्यात अनादर नाही. ते विचारलेच पाहिजे.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. या सुईने कूर्चा पुन्हा उगवत नाही. वाकडा झालेला पाय सरळ होत नाही. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भुलेने वेदना कमी झाली, पण आठवडे सरले तसा तो आराम उतरत गेला. जाळलेल्या शाखाही काही महिन्यांनी पुन्हा वाढतात आणि कळ परतू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, अंगात कोठे जंतुसंसर्ग असेल, औषधांची ॲलर्जी असेल, तर ते आधी सांगावे लागते. गुडघा अचानक लाल होऊन तापला, किंवा ताप आला, तर तो सुईचा विषय नसून तातडीच्या तपासणीचा आहे. शिवाय वेदना थांबल्याच्या आनंदात मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम आणि वजन उतरविण्याचा निश्चय सोडून दिला, तर मिळालेली सवलत वाया जाते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात व्यायाम आणि वजन घटविणे यांची ठाम शिफारस केली, आणि मज्जातंतू जाळण्याच्या उपायाची शिफारस सशर्त ठेवली. हा क्रम आम्हांला योग्य वाटतो. भूल ही व्यायामाऐवजी नाही. ज्या माणसाला कळांमुळे व्यायामच करता येत नाही, त्याला तो करता यावा म्हणून ती आहे.

मग या इतिहासातून आपण घ्यावयाचे ते काय? आमच्या मते एकच गोष्ट. दीडशे वर्षांपूर्वी वेदना हे नशीब मानले जाई. आज ती उपचाराचा विषय आहे. तरीही आपल्या घरांत ‘आता वय झाले’ हे वाक्य औषधासारखे वापरले जाते. ते बहुतेक वेळा वृद्ध स्वतःच उच्चारतात, कारण मुलांना खर्चात आणि खेपांत घालू नये अशी त्यांची इच्छा असते. मटारच्या हंगामात पाटनच्या शेतांतून दिवसभर उकिडवे बसून शेंगा तोडणाऱ्या बाया जेवढ्या निमूटपणे कळ सोसतात, तेवढ्याच निमूटपणे आपल्या घरातील आई किंवा सासूबाई सोसत असतात. गुडघा दुखतो म्हणून त्या प्रथम देवळात जाणे सोडतात, मग शेजारी जाणे, मग मंडळात येणे. मायभूमीपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरांत या माघारीची किंमत जास्त आहे. ज्या आजी घरातच बसून राहतात, त्यांच्यासोबत मंगळागौरीचे खेळ, ओव्या, पुरणाचे प्रमाण आणि गावाकडच्या चार पिढ्यांची नावेही बंद दाराआड राहतात. नातवंडांची मराठी जिच्यामुळे टिकते, तिला चार पावले चालता येणे हा केवळ तिच्या आरोग्याचा प्रश्न नाही.

सर्वांनी ही सुई घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. कोणाला व्यायाम पुरेल, कोणाला काठी, कोणाला ही भूल, कोणाला नवा गुडघा. कोणती पायरी कोणाची, हे अस्थिरोगतज्ज्ञ आणि वेदनातज्ज्ञ यांनी तपासून ठरवावयाचे आहे. पण मधली पायरी आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. तरुण सभासदांना आमची एवढीच विनंती आहे की, घरातील वडीलधाऱ्यांना ‘दुखते का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येईल. ‘किती पावले चालता येतात, आणि कोणते काम सोडून दिलेत?’ असे विचारावे, उत्तर कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जावे.